चार नंबरवरचे सर

"पुसलं म्हंजे समदं पुसलं?" वाघमारे काकूंनी विचारलं.

कंट्रोल रूमच्या दारात उभ्या होत्या. त्यांचे मालक, आमचे वाघमारे सर, वारून महिना झाला होता. घरात सरांचे फोटो होते, आवाज कुठंच नव्हता. म्हणून त्या सरांची कॅसेट मागायला आल्या होत्या. आणि त्यावर आम्ही दुसरंच भरलंय, हे मी नुकतंच सांगून बसलो होतो.

कंट्रोल रूम म्हणजे लई मोठं काही समजू नका. लातुरात आमच्या भागाची केबल जिथून सुटायची, ती पत्र्याची खोली. वर डिश, आत दोन व्हीसीआर आणि खडखडणारा पंखा. धंदा माझा नि सलीमभाईचा. खांबावर तो चढायचा, गिऱ्हाइकांशी भांडायचं मी.

त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पण नळाला पाणी बारा-बारा दिवसांनी. कुठल्या गल्लीला कधी, त्याची चिठ्ठी नगरपालिकेतून यायची. रिटायर झालेले वाघमारे सर ती आमच्या स्वतःच्या चॅनलवर, चार नंबरला, वाचायचे. दुपारी कॅमेऱ्यावर घ्यायचं, संध्याकाळी सहाला लावायचं. कॅसेट एकच. कालच्यावर आजचं भरायचं. सरांची गल्ली नऊ नंबरची. तिची पाळी असली की ते टीव्हीतूनच बायकोला सांगायचे, "ऐकलं का, पिंप धुऊन ठेवा." अख्खी गल्ली हसायची. काकू लाजून पदर तोंडाला लावायच्या.

मग पे चॅनल आलं. पैसे भरल्याशिवाय न दिसणारं सिनेमाचं चॅनल. त्याचं कुलूप उघडणारा डबा म्हणजे डिकोडर. कंपनीचा माणूस टाय लावून आला.

"पहिल्या आठात नंबर पाहिजे." तेव्हा बहुतेक टीव्हींना आठच बटणं असायची.

"आठही भरलेत, साहेब."

"चारवर काय आहे?"

"पाण्याचं सांगतेत."

"मग ठरवा. डिकोडर की पाणी?"

मी डिकोडर म्हणालो. खोटं कशाला बोलू, मलाच मोह पडला होता. सरांना बारावर टाकलं, जिथं कुणाचा टीव्ही पोचतच नव्हता. सर एवढंच म्हणाले, "हाव, लोकांना करमणूक पायजे." दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. चिठ्ठी सलीमभाई वाचू लागला. दोन महिन्यांनी सर झोपेतच गेले. त्यांची माफी मागायची राहून गेली, ती आजही सलते.

काकू जायला वळल्या, तेवढ्यात सलीमभाई उठला. "ठहरो काकू. मैं सर जित्ता लंबा कहाँ बोलता?"

मी कपाळावर हात मारला. अहो, मोठ्या रेकॉर्डिंगवर छोटं भरलं तर मोठ्याची शेपटी तशीच राहते! कॅसेट लावली. सलीमभाई घाईघाईनं वाचून गेला. पडद्यावर मुंग्या आल्या. आणि मग सर. "...गल्ली नंबर नऊ, उद्या सकाळी सहा. ऐकलं का, पिंप धुऊन ठेवा."

काकू खूप रडल्या. मग म्हणाल्या, "माझ्या घरी बसून ऐकायचंय. चारवर, सहाला. एक डाव."

करारात लिहिलं होतं, पे चॅनलमध्ये काही घुसवलं तर डिकोडर परत. मी सलीमभाईकडं पाहिलं.

"लगा," तो म्हणाला.

सहाला भर गाण्यात सिनेमा कापला आणि सर लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सलीमभाई बोलवायला आला. नऊ नंबरच्या गल्लीत नळाला पिंपांची ही रांग! पाण्याची पाळी तर अजून आठ दिवसांनी होती. मी ओरडलो, "ओ मावशी, जुनी कॅसेट होती ती! सर वारलेत, ठाऊक न्हाई का?"

"ठाऊक हाय की," रांगेतली एक म्हणाली, "पण सर खोटं कशाला सांगतेल?"

खाली मान घालून शिव्या खाल्ल्या. काकू रांगेत नव्हत्या. त्यांचं पिंप दारात होतं, घासून लख्ख.

"काकू, तुमाला तर समदं माहीत होतं."

"हाव," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं, म्हणून धुतलं."

कंपनीनं आठवड्यात डिकोडर उचलून नेला. पुढं सेट-टॉप बॉक्स आले, चॅनल मोजता येईनात. अजूनही रिमोट हातात आला की माझं बोट आधी चारवर जातं. तिथं भलताच कुणी ओरडत असतो.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक दात असायचा. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. धंद्यात आलेल्या प्रत्येकाला मी सांगायचो, ठेवण्यासारखं काही असलं तर दात त्याच दिवशी मोडा. सरांच्या कॅसेटचा मीही मोडला. तेव्हा तिच्यावर सर अकरा सेकंद उरले होते.