उपवासाला चालणारे बन

लग्नानंतर माझे पप्पा आमच्या घरी दोनदा येऊन गेले, आणि दोन्ही वेळा फक्त पाणी पिऊन गेले. ही गोष्ट माझ्या सासूबाईंनी मनाला फार लावून घेतली होती. आमचं घर म्हणजे माझं सासर, भोरहून आंबवड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात. सासूबाईंना मी आत्या म्हणते, इकडे तशीच पद्धत आहे. आत्यांच्या मते पाहुणा जेवला नाही म्हणजे तो आलाच नाही. "तुजं पप्पा आलं आन् तांब्याभर पानी पिऊन गेलं," हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत होते. बहुतेक वेळा मी दुसरी भाकरी नको म्हटलं की ते ऐकायला मिळायचं.

पप्पांचा स्वभाव मुळातच बुजरा. पुण्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी नोकरी काचेच्या नळ्या धुण्यात आणि गप्प राहण्यात काढली. आई होती तोवर चारचौघांत बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. माझ्या लग्नाआधीच ती गेली आणि पप्पा आणखीच मिटले. आमच्या घरी आले की खुर्चीच्या अगदी कडेला बसायचे, उठून पळायची तयारी असल्यासारखे. आम्ही ख्रिस्ती, सासरचे शेतकरी हिंदू. आत्यांना वाटायचं, यांना आमच्या घरचं चालत नाही. पप्पांना वाटायचं, यांना आमचं बसणं-जेवणं मनातून चालत नसेल, उगाच त्यांना अवघडायला नको. दोघांच्या मध्ये मी, आणि मला दोघांचाही राग यायचा.

मग एका चैत्रात आत्यांनी माझ्याच मोबाईलवरून पप्पांना फोन लावायला लावला. गावची जत्रा जवळ आली होती. आमच्याकडे जत्रेचा पहिला दिवस गोडाचा, पुरणपोळीचा, आणि दुसरा तिखटाचा, म्हणजे मटणाचा. त्या दिवशी ज्याच्या दारात पाहुणा नाही त्याला जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. "शुक्रवारी तिखटाचं जेवान हाय," आत्या फोनमध्ये ओरडल्या. मोबाईलवर ओरडावं लागत नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही. "तुमी यायचंच. न्हाई म्हनायचं न्हाई." मग पप्पा म्हणाले, "येतो."

आत्यांची पाठ वळताच पप्पांनी मला परत फोन केला. "अगं, तो गुड फ्रायडे आहे. मी मटण कसं खाणार? आणि त्यांना नाही तरी कसं म्हणणार?"

गुड फ्रायडेनंतरच्या रविवारचा ईस्टर चंद्रावर ठरतो आणि आमची जत्राही पौर्णिमेवर, त्यामुळे कधी ना कधी हे होणारच होतं. गुड फ्रायडेला पप्पा सकाळपासून काही खात नाहीत. दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना, ती आटोपून घरी आलं की कोरा चहा आणि आईने केलेला बन. बस, त्या दिवसाचं तेवढंच जेवण. आईचे बन मऊसूत असायचे. आत मनुका, संत्र्याच्या सालीचे पाकवलेले तुकडे, दालचिनी आणि जायफळ, वर पिठाच्या पांढऱ्या पट्टीचा क्रूस. आई गेल्यावर पप्पांनी एकदा बेकरीतून बन आणले होते. अर्धा खाल्ला आणि बाकीचे शेजारी देऊन टाकले.

मी सरळ सांगून टाकलं, "या तुम्ही. बन मी करते." हे मी प्रेमाने म्हटलं असं लिहायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे मी वैतागून म्हटलं. या माणसाने या घरात काहीतरी खावं, एवढंच मला हवं होतं. तिसऱ्यांदा ते पाणी पिऊन गेले असते, तर आत्यांनी चौथ्यांदा बोलावलं नसतं.

आता बन करायचे तर घरात ओव्हन नाही आणि मी आईकडून काही शिकलेही नव्हते, नुसतीच खात आले होते. भोरच्या बाजारातून मैदा, यीस्ट, मनुका असं सगळं आणलं. न्हाणीघर बांधताना उरलेली वाळू चाळून धुऊन एका जुन्या पातेल्यात भरली, चुलीवर तापवली आणि त्यात बनांची ताटली ठेवली. केक असा होतो, मग बन का नाही होणार? जत्रेच्या आधीच मी एक घाणा करून पाहिला. दूध फार गरम घातलं होतं, त्यात यीस्ट मेलं. जे काही बाहेर आलं ते नवऱ्याने उंबऱ्यावर आपटून पाहिलं आणि उंबऱ्याला काही झालं नाही ना ते बघितलं. आत्यांनी मात्र एक सबंध खाल्ला. "चव बरी हाय," त्या म्हणाल्या, "दात तेवढं मजबूत पायजेत."

दुसरा घाणा बऱ्यापैकी फुगला. मी खुशीत मोबाईलवर क्रूसवाल्या बनांचे फोटो आत्यांना दाखवत होते.

"हे तुमच्या उपासाला खात्यात?" त्यांनी विचारलं.

"हो ना. त्या शुक्रवारी पप्पांचा दिवसभर उपवास आणि मग हेच."

त्यांनी मैद्याच्या पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुरणाची डाळ निवडायला निघून गेल्या.

शुक्रवारी अंगणात मोठ्या चुलीवर मटणाचं पातेलं रटरटत होतं आणि मसाल्याचा वास पार डांबरी रस्त्यापर्यंत जात होता. पाहुण्यांच्या पंगतीवर पंगती उठत होत्या. त्या गोंधळात मी आतल्या खोलीत मैदा मळला, मनुका आणि दालचिनी घातली आणि परात ओल्या फडक्याने झाकली. "आत्या, याच्याकडे फक्त लक्ष ठेवा. पप्पांना घेऊन आले की मी भाजते," असं सांगून स्कूटी काढली आणि भोरच्या स्टँडवर गेले. एसटी येईना. सगळ्या तालुक्यात जत्रा, सगळ्या गाड्या भरून, आणि माझं लक्ष त्या फुगणाऱ्या पिठाकडे.

संध्याकाळी, चर्चची उपासना आटोपून आलेले पप्पा उतरले ते पांढराशुभ्र शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसायला आल्याचा भाव घेऊन. स्कूटीवर मागे बसून त्यांनी विचारलं, "बन झाले का?"

"फुगायला ठेवलेत."

"तुझ्या आईचेसुद्धा कधीकधी बसायचे," ते म्हणाले. "ती सांगायची नाही कुणाला. बसलेले आधी मला द्यायची." मला हे माहीत नव्हतं. मी खूप हसले, तेही हसले, आणि मला वाटलं आज जमणार.

घरी पोचलो तर ओसरीवर शेवटची पंगत बसलेली. ताटात मटणाचा रस्सा आणि पुऱ्या. आमच्याकडे रश्श्याबरोबर भाकरी असते, पुऱ्या कुठून आल्या असं मनात येतंय तोच मला एका पुरीत मनुका दिसली. मग दुसरीत दिसली. एक म्हातारे पाहुणे दालचिनीची पुरी तिखटजाळ रश्श्यात बुडवून मन लावून खात होते. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "सूनबाई, पुऱ्या लई भारी झाल्यात. गोडसर लागत्यात."

माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात गेले तर परात घासून पालथी घातलेली. आत्या कुठे आहेत म्हणून विचारलं, तर नवऱ्याने वाढता वाढता डोळ्यांनीच गोठ्याकडे खूण केली. हसू दाबल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. पप्पांना तिथेच उभं करून मी तरातरा गोठ्याकडे निघाले. काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं.

गोठ्याच्या कडेला तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती. तिच्यावर माझंच वाळूचं पातेलं, झाकणावर निखारे. समोर आत्या, नुकतंच न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बसलेल्या.

"माझं पीठ कुठं गेलं?" मी विचारलं.

"पुऱ्या केल्या त्येच्या. वाया कशाला घालवायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आगं, तू लेकरू हायस, तुला ठावं न्हाई. बापाचा उपास आन् तू मैदा मळतीस व्हय? गहू उपासाला चालत नसतोय. वर ते यीष्टाचं दानं, ते आनि कशाचं असतंय कुनाला ठावं. तू सांगितलंस बन लागत्यात, म्हून म्या उपासाचं केलं."

त्यांनी झाकण काढलं. आत गोल गोल तपकिरी बन मांडलेले. राजगिऱ्याचं पीठ, उकडलेला बटाटा, गूळ, खजूर, वेलदोडे आणि माझ्याच डब्यातल्या उरलेल्या मनुका. फोटोत पाहिलेला क्रूस त्यांनी सुक्या खोबऱ्याचे लांब काप आडवे-उभे लावून केला होता. एकही वाकडा नव्हता.

"भांडी येगळी घेतली," त्या म्हणाल्या. "हितं मटनाचा वास बी येत न्हाई. म्या बी सकाळधरनं काय खाल्लं न्हाई. इवाई उपाशी आन् म्या रस्सा वरपू व्हय?"

वर्षभर ही बाई जत्रेच्या मटणाची वाट बघते. नळीसाठी सख्ख्या भावाशी भांडते. माझा राग तिथेच विरला, पण सांगायला तर हवं होतं की आमच्यात गव्हाला मनाई नाही, उपवास म्हणजे आमच्याकडे वेगळं असतं. मी "आत्या, अहो" एवढंच म्हटलं आणि मागून पप्पा खाकरले. ते कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. लहानपणी चर्चमध्ये मी बडबडायला लागले की ते जसे बघायचे तसे माझ्याकडे बघत होते.

"उपवासाचे केलेत का?" ते आत्यांना म्हणाले. "बरं झालं. मला काळजीच होती."

घरात बसायला जागा नव्हती, म्हणून आत्यांनी गोठ्याबाहेर पोती अंथरली. पप्पा पांढऱ्या शर्टात पोत्यावर मांडी घालून बसले. खुर्चीची कड नव्हतीच तिथे. दोघांसमोर ताटल्या आल्या, कोरा चहा आला, आणि मग दोघेही नुसते बसून राहिले. पाहुण्याने सुरू केल्याशिवाय आत्या ताटाला हात लावणार नाहीत. आणि प्रार्थना केल्याशिवाय पप्पा घास घेणार नाहीत. आमच्या घरी जेवणाची प्रार्थना आई करायची, मोठ्याने, सगळ्यांच्या वतीने. ती गेल्यापासून पप्पा घरी एकटेच मनातल्या मनात पुटपुटतात. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्यांसमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते नुसतं पाणी पिऊन का जायचे. पाण्याला प्रार्थना लागत नाही.

आत्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हात जोडले. "इवाई, तुमच्या देवाला काय म्हनायचं आसंल ते म्हना. मोठ्यांदा म्हना, म्या बी ऐकते. लई भूक लागलीया आता."

पप्पांनी डोळे मिटले. मग त्यांनी अन्नाबद्दल देवाचे आभार मानले, या घराबद्दल मानले, ज्या हातांनी हे केलं त्या हातांबद्दल मानले. मग आईचं नाव घेतलं आणि थांबले. म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज. आमेन म्हणायला हवं होतं मी, पण मी रडत होते. आत्यांना वाटलं, झालं असावं. त्या ठामपणे म्हणाल्या, "व्हय."

पप्पांनी बन मोडला आणि खाल्ला. तो फुगलेला नव्हता, हातात भुगा होत होता, गोवरीच्या धुराचा वास होता, पण मऊ होता. तो संपवून त्यांनी ताटली पुढे केली आणि आत्यांना म्हणाले, "अजून एक द्या." मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. आत्यांनी वाढला आणि मगच आपला तोंडात घातला. त्या रात्री पप्पा परत गेलेच नाहीत. ओसरीवर खाटेवर झोपले आणि सकाळी आत्यांशी राजगिऱ्याच्या भावावर बोलत बसले.

गव्हाचं काही आत्यांना सांगायचं नाही, अशी पप्पांनी मला ताकीद दिली. मी अजून सांगितलेलं नाही. त्यानंतर दर गुड फ्रायडेला, जत्रा त्या दिवशी असो वा नसो, गोठ्याशेजारी वेगळी चूल पेटते आणि पप्पा एसटीने येतात.

यंदा मीच आदल्या दिवशी पुण्याला गेले, त्यांच्याबरोबर चर्चला. उपासना संपून आम्ही बाहेर आलो तर त्यांचे एक जुने स्नेही खोका उघडून उभे होते, आत छान फुगलेले, चकचकीत, मैद्याचे बन. मी हात पुढे करणार तेवढ्यात पप्पांनी त्यांना नमस्कार केला.

"नको, उपवास आहे," ते म्हणाले. "आमच्यात या दिवशी गहू चालत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल लवकर. तिकडे विहीणबाई उपाशी बसल्या असतील."