मोखाड्याचा संघ पळाला नव्हता

जव्हारच्या बाजारात आजही कोणीतरी सांगताना आढळतो, की शिक्षकांच्या क्रीडास्पर्धेत मोखाड्याचा कबड्डीसंघ एका चढाईपटूला भिऊन मैदानाबाहेर पळाला. हे विधान साफ खोटे आहे. त्या संघाचा कर्णधार मी होतो. संघ मैदानाबाहेर गेला, हे मला मान्य आहे, पळाला नाही. जाणे आणि पळणे यांतला भेद ज्यांना कळत नाही, त्यांनी जुन्या गोष्टी सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

त्याआधी कित्येक वर्षे मी जव्हारच्या संघाकडून खेळलो. साखळी धरताना ज्याचे मनगट माझ्या हातात असे, तो माझा जिवलग मित्र. नव्वदच्या दशकात माझी मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या शाळेत बदली झाली. आदेश आला, मी गेलो. मित्राने मात्र डेपोसमोरच्या हॉटेलात जाहीर केले, “मोखाड्याला पळाला तो. दम राहिला नव्हता त्याच्यात.” माझी ट्रंक पोशेऱ्याला पोहोचण्याआधी हा शब्द तिथे पोहोचला होता. म्हणून जव्हारविरुद्धचा सामना माझ्यापुरता ढालीसाठी नव्हताच. तो एक शब्द पुसण्यासाठी होता.

अडचण एकच होती. आमच्या भागात गुपित म्हणून कोणती भाषा वापरावी? शाळेतली मराठी सर्वांना येते, मुंबई-ठाण्याची हिंदीही येते. पहिल्या वर्षी मी पाड्यावरच्या बोलीत इशारे दिले, तर माझा मित्र मध्यरेषेवरून म्हणाला, “समजलं हां मास्तर, अजून जरा मोठ्यानं सांगा!” तो पाड्यावरच वाढलेला; त्याला न समजणारी बोली या डोंगरात नाही.

मग नाशिकच्या एका रद्दीवाल्याकडे मला क्लिंगॉन भाषेचा शब्दकोश मिळाला. परदेशातल्या एका अंतराळमालिकेतील लढवय्या जमातीसाठी कोणा भाषातज्ज्ञाने ही भाषा रचली आहे. मी ती वेडाच्या भरात शिकलो, ही आणखी एक अफवा. मी ती हिशेबाने निवडली. त्या भाषेत ‘घोष’ या एकाच क्रियापदाने जवळ जाणेही सांगता येते आणि दूर जाणेही. दिशा ठरते ती स्थळाच्या शब्दाला जोडलेल्या शेपटीवरून. ‘त्लेघ’ म्हणजे रेषा; क्रियापदाआधी ‘पे’ लावला की ती अनेकांना दिलेली आज्ञा. ‘त्लेघडाक् पेघोष’ म्हणजे रेषेकडे चला. ‘त्लेघव्हो पेघोष’ म्हणजे रेषेपासून दूर व्हा. आपणही ‘घराकडे’, ‘घरापासून’ असेच म्हणतो. त्यामुळे माझ्या संघातल्या सहा शिक्षकांना हे शिकवायला दोन शनिवार पुरले.

सराव भाताच्या रिकाम्या खाचरात, चुलीतल्या राखेने रेषा आखून चाले. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ गुरुजींनी पहिल्याच दिवशी विचारले, “मास्तर, ही बोली कोणाची?”

“कोणाचीच नाही.”

“मग जनगणनेत कोणत्या रकान्यात लिहायची?”

“आधी पाठ करा, रकाना मी शोधतो.”

सामना जव्हारच्या मैदानावर झाला. शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. चढाईला माझा मित्रच. माझा बेत साधा होता: साखळीने मध्यरेषेपासून मागे सरायचे, त्याला खोल आत येऊ द्यायचे आणि परतीची वाट अडवायची. मी कोपऱ्यातून आज्ञा दिली, “त्लेघव्हो पेघोष!”

सहाही जण हातात हात घालून, संथ पावलांनी मागे सरू लागले. तोंडे समोर, चाल एकसारखी. मित्र आत आला. ते आणखी मागे सरले. आता थांबायला हवे होते आणि नेमके तेव्हाच माझ्या लक्षात आले, की ‘थांबा’ हा शब्द मी शब्दकोशात पाहिलेलाच नाही. मराठीत ओरडता आले असते. पण मैदानात मराठीचे एक अक्षर उच्चारणार नाही, असे मी सर्वांसमक्ष सांगून बसलो होतो. इकडे सहा प्राथमिक शिक्षक. वरून आदेश आला की दुसरा आदेश येईपर्यंत पहिला लागू असतो, ही त्यांची आयुष्यभराची सवय. ते अंतिम रेषा ओलांडून, प्रेक्षकांना विनयाने बाजूला सारत, पार मैदानाबाहेरच्या चिंचेच्या झाडापर्यंत गेले.

ते दृश्य पाहून मित्राला हसू आवरेना. ‘कबड्डी’ तोंडातच राहिली, दम तुटला आणि तोही बाद झाला. सहा गुण त्यांना, एक आम्हाला. आम्ही तीन गुणांनी हरलो. आणि दुसऱ्या दिवसापासून “पळाले” हा शब्द मला एकट्याला नव्हे, सातही जणांना चिकटला.

पुढे दहाएक वर्षांनी मित्र निवृत्त झाला. जव्हारच्या सभागृहात समारंभ होता. आमचे सहाजण पहिल्या रांगेत, व्यासपीठासमोरच्या रांगोळीच्या रेषेला लागून बसले होते. सत्काराला उत्तर देताना मित्र म्हणाला, “हे बघा, मोखाड्याचे सहा पळपुटे! आणि त्यांचा सेनापती तिकडे खांबाआड.”

मी उठलो. “कोणाच्या आज्ञेनं गेले, ते विचार त्यांना.”

“आज्ञा कसली? ठसका लागल्यासारखा ओरडत होतास तू!”

मी मोठ्याने म्हणालो, “त्लेघव्हो पेघोष!”

सहाही जण उठले. केस पिकलेले, पोटे सुटलेली. पण त्यांनी हातात हात घातले आणि व्यासपीठाकडे तोंड करून खुर्च्यांमधल्या वाटेने, एकामागे एक, संथपणे मागे सरू लागले. सर्वांत मागच्याचा पाय उंबऱ्यावर उचलला गेला, तसे मी म्हणालो, “पेमेव्ह!” सामन्याच्या रात्रीच ‘थांबा’साठीचा तो शब्द शोधून मी त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. सगळे थांबले. मागच्याने पाय उचललेलाच ठेवला.

मित्र ध्वनिक्षेपकासमोर असा हसू लागला, की त्याचे भाषणच खुंटले.

“दम तुटला,” मी म्हणालो. “बाद!”

तो डोळे पुशीत खाली आला. “मान्य बाबा. गेले. पळाले नाहीत.”

“आणि मी?”

त्याने माझे मनगट धरले, साखळीत धरायचा तसे. “तूही नाही. तुझी बदली झाली, माझा हात रिकामा राहिला. राग आला होता मला.” आणि लगेच, “पण हरलात ना?”

“हरलो. ते मी कधी नाकारलं?”

तेवढ्यात दारातून ज्येष्ठ गुरुजींचा आवाज आला, “मास्तर, पुढचा आदेश? वडे निवायला लागलेत.”

“काय म्हणायचं?” मित्राने मला विचारले. मी त्याच्या कानात सांगितले आणि रांगोळीच्या रेषेवर उभे राहून आम्ही दोघे एकदम ओरडलो, “त्लेघडाक् पेघोष!”