उरलेल्याचे पंचवीस टक्के

सुनेला कारकुनाच्या परीक्षेला बसायचे होते. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. खाण बंद पडल्यापासून मुलाच्या हाताला नेमाचे काम नव्हते. घरात एक पगार येणे आवश्यक झाले होते. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, तेव्हा तिची शिकवणी माझ्याकडे आली. नार्वे गावातल्या आमच्या घरी, ओसरीवर, आम्ही रोज संध्याकाळी बसत असू.

शेकडेवारीच्या उदाहरणांत ती अडत असे. त्यांतले एक असे : ट्रकचालक दहा तास कामावर असतो. एक पंचमांश वेळ देखभालीत जातो. उरलेल्या वेळेपैकी पंचवीस टक्के रांगेत थांबण्यात जातो. प्रत्यक्ष काम एकूण वेळेच्या किती टक्के?

तिने ऐंशी लिहिले.

“थांबलेला वेळ वजा कर.”

“तो कित्याक?” तिने मान वर केली. “रांग सोडली तर खेप गेली, मामा. बाबा ट्रकातच जेवायचे, ट्रकातच निजायचे. ता काम न्हय तर काय?”

तिचे माहेर पाळी या खाणीच्या गावचे. वडिलांनी जन्मभर खनिजाचा ट्रक चालवला. त्या गावात कोणत्याही घरातून हेच उत्तर आले असते.

“उदाहरण रचणाऱ्याला तुझे वडील ठाऊक नाहीत,” मी म्हणालो. “वजा कर.”

आत नारळ खवत असलेली माझी पत्नी म्हणाली, “तिका जेवंक तरी सोडा. गणितान पोट भरता?”

सुनेने वजाबाकी केली. उत्तर आले पंचावन्न. पंचवीस टक्के तिने दहा तासांचेच घेतले होते.

“उरलेल्याचे,” मी म्हणालो.

 आठाच्या आकड्यावर बोट ठेवून तिने विचारले, “म्हणजे आता हे आठ तासच अख्खे? हेच शंभर?”

“होय.”

“आणि ह्यातलां काडून जां उरतला, ता परत शंभर?”

“होय. कितीही काढलेस तरी.”

हा नियम मी आयुष्यभर फळ्यावर लिहिला. परंतु जे उरते ते पुन्हा पूर्ण होते, त्यातून काढले तरी मागे राहिलेले पुन्हा पूर्ण होते, आणि या क्रमाला कोठेही अंत नाही, हे मला त्या संध्याकाळी प्रथम दिसले.    तिने साठ लिहिले आणि पान उलटले.

परीक्षा फोंड्याला झाली. परतीच्या बसमध्ये तिने पेपरात आलेले त्या जातीचे एक उदाहरण मला तोंडी सांगितले. मी मनात सोडवले. दोघांचे उत्तर एकच आले.

निकाल लागला तेव्हा ती नदीकाठच्या मिरचीच्या वाफ्यात होती. मी बांधापर्यंत चालत गेलो.

“पास झालीस,” मी म्हणालो.

“कोणे सांगलां?”

“मी स्वतः पाहिले.”

तेव्हा ती वाफ्यातच खाली बसली.