बंगल्याचा एका पानाचा इतिहास

कामशेतच्या अलीकडे, इंद्रायणीकाठी आमच्या आजोबांनी आंब्याची बाग केली आणि बागेत बंगला बांधला. आता माझा पुतण्या तो शनिवार-रविवार पाहुण्यांना देतो. पाहुण्यांना म्हणे इतिहास लागतो. चिक्कीच्या पिशव्या घेऊन येणाऱ्यांना तो कशाला हवा, हे मी विचारलं नाही. घरात निवृत्त शिक्षिका असली की असली कामं तिच्याच गळ्यात पडतात. दिवाणखान्यात लावायला एक पान लिहिलं.

काळा दगड, मंगलोरी कौलं, लांबून आणलेली कलमं, सगळं आलं. कावडीनं नदीचं पाणी घालून ती कलमं ज्यांनी जगवली, त्या आबांवर एकच वाक्य होतं: आम्ही त्यांना कायम घरच्यासारखं वागवलं.

आबा आता नाहीत. त्यांचा मुलगा कारखान्यातून निवृत्त झाला, तरी रविवारी छाटणीला येतो. चुका निघाव्यात म्हणून मी व्हरांड्यात त्याला पान वाचून दाखवलं. नदीकडची दोन झाडं कलमी नाहीत, कोयीची आहेत, असं त्यानं सांगितलं. आबांवरच्या शेवटच्या वाक्याला त्यानं मला थांबवलं.

"ताई, आबा घरात कुटवर आलते?"

स्वयंपाकघरापर्यंत आले असतील, मी म्हटलं.

"मागल्या पायरीपातूर."

रागावला नव्हता. कोयीचं सांगितलं तसंच हेही सांगितलं. मग मला आठवलं. त्या पायरीवर उभी राहून मी तांब्यानं वरून पाणी ओतायची आणि आबा ओंजळीनं प्यायचे. मोठ्या माणसांचं काम मिळालं म्हणून मी खूश असायची. लाज वाटली. त्याच्यासमोरच वाक्य खोडलं आणि त्याजागी पायरीचं, ओंजळीचं हे लिहिलं. त्यानं ते स्वतः वाचलं. चौकट लागली की नातीला दाखवायला आणतो, म्हणाला.

पुतण्याचं म्हणणं पडलं की लोक सुट्टीला येतात, त्यांना हे कशाला. त्यानं ते काढलं. आधीचं खोटं वाक्यही परत घातलं नाही, इतका तो प्रामाणिक आहे. पान छापून भिंतीवर लागलं. मी वाद घालायला हवा होता, घातला नाही.

पुढच्या रविवारी आबांच्या मुलानं विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं. तो कात्री पुसत राहिला.

"म्हंजी त्यात आबा न्हाईतच."

"नाहीत."

"मग पयलंच ऱ्हाऊ द्यायचं हुतं, ताई. खोटं का व्हईना, नातीला दावता आलं असतं."