जॅझमध्ये जाझ नको

“तुम्हाला जॅझ येतं का?” साहेबांनी विचारलं.

“हाव साहेब. जाझ सोबतच आणलाय,” मी म्हणालो आणि गफूरभाईकडं बोट केलं.

साहेब हसले. का हसले ते मला लगेच कळलं नाही.

मी लातूरच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. आमच्या धंद्यात जाझ म्हणजे ड्रमचा सेट. पायानं वाजवायचा मोठा ढोल, समोर लहान ड्रम, वर झांजा. तो वाजवणारा जाझवाला. गफूरभाई आमचा जाझवाला, मूळचा नायगावकडचा. लोक त्याला नावानं कमी अन् ‘ए जाझ’ म्हणूनच जास्त हाक मारायचे.

त्या साली दुष्काळ होता. लग्नं देवळात चार माणसांत उरकायची. आमच्या तारखा एकामागून एक रद्द झाल्या अन् गफूरभाई रोजगार हमीवर खडी फोडायला जायला लागला. तळहाताचे फोड दाखवून म्हणायचा, “अप्पा, आणखी असंच चाललं तर हात जाईल. मंग जाझ कोन वाजवील?”

तेवढ्यात निरोप आला. लातूर नवाच जिल्हा झाला होता. बाहेरून साहेबलोक आले होते, त्यांचा क्लब निघाला होता. तिथं दर शनिवारी जॅझ वाजवणारे पाहिजे होते. गफूरभाईला वाटलं, सुटलो खडीतून. मलाही तसंच वाटलं.

क्लबच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भर दुपारी आमची परीक्षा. साहेबांनी विचारलं, “तुमचा आवडता जॅझ पियानोवादक कोण?” अन् स्वतःच अमेरिकेतली पाच-सहा नावं घेतली. त्यातलं एकही मी ऐकलेलं नव्हतं.

“आमचे फ्रान्सिस मास्तर,” मी म्हणालो. “नांदेडला ऑर्गन शिकवायचे. डाव्या हातानं ठेका सोडला तर बोटं तोडीन म्हणायचे.”

“रेकॉर्ड आहे का त्यांची?”

“न्हाई.”

“मग ते राहू द्या. वाजवा.”

गफूरभाई ड्रमवर टिचकी मारून बघत होता. आमच्या ड्रमवर बकऱ्याचं कातडं असायचं. कोरड्या हवेत ते आवळतं. ओलं फडकं फिरवलं की सैल पडतं. त्यानं शिपायाला पेलाभर पाणी मागितलं.

“टँकरचं हाय,” शिपाई म्हणाला. “साहेबलोकांच्या प्यायचं. ढोलाला पाजायचं न्हाई.”

गफूरभाईनं गळ्यातला घामेजलेला रुमाल कातड्यावर फिरवला. त्यानं काय होतंय, कप्पाळ! पहिलंच गाणं अर्ध्यात आलं अन् फाट्‌कन मधला ड्रम फुटला. गफूरभाई काड्या हातात धरून बसून राहिला.

साहेब उठून माझ्या कीबोर्डपाशी आले. त्यात ठेक्याची बटणं असतात. दाबलं की आतल्या आत ड्रम वाजतो. आम्ही ती कधी वापरत नव्हतो. जिता माणूस बसलेला असताना कशाला? साहेबांनी ‘स्विंग’ लिहिलेलं बटण दाबलं.

“हे आहे की यात! आवाजही मोजका. तो धडधडाट नकोच. तुम्ही एकटेच या.”

माझं डोकं फिरलं. “साहेब, जाझ म्हणजे हा माणूस. त्याला काढून कसलं जॅझ?”

“अहो, ते नुसते ड्रम. जॅझ हे संगीत आहे,” साहेबांनी समजावलं. अगदी गोड बोलले. त्याचाच जास्त राग आला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “नाही म्हणून सांगून येतो.”

“येडे का काय अप्पा? घरात लेकरं हायत तुमच्या. जा तुम्ही.” गफूरभाईनं फुटका ड्रम पोत्यात घातला. “त्या बटनाला पानी बी लागत न्हाई. दुष्काळात तेच बरं.”

मी गेलो. दर शनिवारी ते बटण दाबायचो अन् दर शनिवारी जीव जळायचा. गफूरभाई माझ्या बोटांकडं बघून वाजवायचा. मी रेंगाळलो तर थांबायचा, चुकलो तर झांज मारून झाकून घ्यायचा. बटण कुणासाठी थांबत नाही. साहेब मात्र पाहुण्यांना सांगायचे, “हे खरं जॅझ.”

पुढं पाऊस झाला. साहेबांची बदली झाली. नवे साहेब भजनाचे शौकीन निघाले, अन् आमचं जॅझ बंद. पण लग्नाची सुपारी आली, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं. गफूरभाई तोवर गावी परतला होता. मी तडक नायगावची एसटी धरली.

गफूरभाई दारात बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. खडीवर हातोडा बसला होता. मी सुपारीचं बोललोच नाही. त्यानं ओळखलं.

“ते बटन चालू हाय का अजून?”

“हाव.”

“मंग अडलंय कुठं? दाबा की.”

मला रडू आवरलं नाही. तोच माझ्या पाठीवर डावा हात फिरवत राहिला.

वाजवणं सुटल्यावर एकदा टीव्हीवर अमेरिकेतलं जॅझ लागलं. साहेबांनी घेतलेल्या नावांपैकीच एक म्हातारा पियानोवर होता. वाजवता वाजवता सारखा मान वळवून मागं बघत होता. मागं जाझवाला बसलेला होता.

साहेबांना नावं सगळी पाठ होती. मागं बसलेला माणूस तेवढा राहून गेला.