स्थानिक नाव: भिमा

बुलढाण्यातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या लोखंडी कपाटांत दर महिन्याला डांबरगोळ्या टाकायचं काम भिमाबाईचं. कागदांवर शिवून ठेवलेल्या वाळक्या फांद्यांना कीड लागू नये म्हणून. काम दहा मिनिटांचं, पण भिमाबाईला तास लागायचा. लोक म्हणायचे, बाई कामचुकार. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! तिसऱ्या कपाटात अंजनाच्या फांदीचा कागद होता, आणि तो तास तिथं जायचा.

ती फांदी तिच्या नवऱ्यानं, प्रेमानंदनं तोडलेली. तो याच विभागात शिपाई. लग्नाला महिनाच झालेला. पुण्याहून आलेल्या सरांना राजूर घाटाखालच्या घळीतली झाडं दाखवायला तो निघाला, तर नवी नवरीही हौसेनं सोबत. प्रेमानंद झाडावर चढला, तोडलेली फांदी खाली भिमानं झेलली. सरांनी वही उघडून फांदीकडे बोट केलं.

"हिला काय म्हणतात तुमच्याकडे?"

वरून प्रेमानंदला बोट कुठलं दिसायला? दिसली बायको.

"हिले? भिमा म्हनतात, सर."

सरांनी इमानदारीत लिहून घेतलं. पुढं कागदावर चिठ्ठी चिकटली: झाड अंजन. स्थानिक नाव भिमा. सांगणारा प्रेमानंद. ती वाचून प्रेमानंद घरी आला तो पोट धरून हसतच. "राहू दे वं," म्हणाला, "आता तू कागदोपत्री झाड झाली!"

त्याला जाऊन चौदा वर्षं झाली. त्याच्याच जागेवर ती अनुकंपेनं लागली. मोठ्यांची भिमाबाई झाली, पोरांची मावशी. नुसतं 'भिमा' म्हणणारा एकच माणूस होता. त्या हाकेसाठी तिचा जीव अजून तुटायचा, आणि आता ती हाक त्या एका चिठ्ठीतच उरली होती.

यंदा सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवून इंटरनेटवर टाकायचं ठरलं. नव्या समता मॅडम एकेक चिठ्ठी वाचत अंजनाशी येऊन अडल्या.

"भिमाबाई, अंजनाला इकडं भिमा कुणीच म्हणत नाही. हे काय लिहिलंय?"

गप्प राहावं तर खोटं जगभर जाणार. खरं सांगावं तर ते नाव जाणार. पण ज्या कागदांना इतकी वर्षं कीड लागू दिली नाही, त्यांत आपणच खोटं कसं ठेवायचं? तिनं सगळं सांगून टाकलं.

"खोडा मॅडम. ते झाडाचं नाव नोहे. माह्यं हाय."

मॅडम हसल्या नाहीत. "जुनी चिठ्ठी कधी खोडत नसतात, भिमाबाई. चूक असली तरी राहते. शेजारी नवी लावायची."

नव्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: स्थानिक नाव अंजन. सांगणारी भिमाबाई. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी बसल्या. मग कॉम्प्युटरवर दोन्ही टिपून झाल्यावर, ताळा पाहायला मॅडमनी जुनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"भिमा."

"ओ!" भिमाबाईनं ओ दिली, आणि दाराकडे वळून बघितलं.