बुरशी आलेलं हॅम

धुरी दिलेल्या मांसाचा खारट वास आला की मस्कतजवळच्या बौशरच्या सुपरमार्केटमधली ती थंडगार खोली आठवते, मागच्या बाजूची, फक्त बिगरमुस्लिम गिऱ्हाइकांसाठीची. नाताळ दोन दिवसांवर होता. सासूबाई गेल्यानंतरचा पहिलाच, म्हणून सासऱ्यांना आम्ही वसईहून बोलावलं होतं. पण आईच्या मातीला न आलेल्या मुलाशी ते बोलत नव्हते. नवऱ्याने मिठात मुरवलेल्या हॅमची, म्हणजे डुकराच्या अख्ख्या मांडीची, कापडी पिशवी उघडली. वर पांढरी बुरशी होती. "खराब झालंय हे," तो म्हणाला. "वरवरची आहे, घासली की जाते," सासरे माझ्याकडे बघून म्हणाले. "याची आई असंच निवडायची. पण याला नोकरीपुढे आई कुठे दिसली?" नवरा हळूच म्हणाला, "रजा मिळाली होती, पप्पा. तिला तसं बघायचा धीर झाला नाही." मग सासऱ्यांनी ते जड हॅम उचलून त्याच्या हातात दिलं. "हाडाजवळ वास घे. आंबूस येतोय?" "नाही." "मग हेच घे." आता ते दोघे रोज फोनवर बोलतात. रजा नाकारली असं त्याने मलाही सांगितलं होतं, हे मात्र मी अजून बोलून दाखवलेलं नाही.